घोळाची भाजी: न लावता उगवणाऱ्या ‘तणा’बद्दल मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की मला फोटो यायला लागतात. कुंडीत गुलाब, गुलाबाच्या पायाशी लालसर काड्यांचं जाड पानांचं काहीतरी पसरलेलं, आणि खाली एकच प्रश्न, ताई हे काय उगवलंय, उपटू का. मी नाशिकला इंदिरानगरात राहते, गच्चीवर चाळीसेक कुंड्या आणि दोन वाफे आहेत, माहेर निफाडकडचं आणि सासर बागलाणातलं, म्हणजे हे झाड मला दोन्हीकडून माहिती, तरी लग्नानंतरची चार-पाच वर्षं मी ते उपटून फेकतच होते हे आधीच कबूल करते. तीच ती उत्तरं टाइप करून कंटाळा आला म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतेय.

घोळ म्हणजे तो मासा ना?

नाही हो. मासा तो घोळ, भाजी ती घोळ. मुंबईची नणंद आली होती, तिला फोनवर म्हटलं आज घोळ केलीय, ती खूष होऊन जेवायला आली आणि ताटात पालेभाजी बघून तिचं तोंड बघण्यासारखं झालं. शास्त्रीय नाव पोर्चुलाका ओलेरेशिया. हिंदीत कुल्फा किंवा लोणिया म्हणतात, गुजरातीत लुणी, संस्कृतात लोणिका, म्हणजे नावातच मीठ आहे आणि चव घेतली की कळतं का ते. आणि आमच्याकडे घोळ ती असली तरी भाजी मात्र घोळाची, याचं व्याकरण मला विचारू नका.

ओळखायची कशी?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न म्हणून जरा सविस्तर सांगते.

झाड जमिनीलगत पसरतं, मधे एक मूळ आणि तिथून चारही बाजूंना काड्या, वरून बघितलं तर सायकलच्या चाकासारखं. काड्या गोल, गुळगुळीत, रसरशीत, उन्हातल्या असतील तर लाल-तपकिरी आणि सावलीतल्या असतील तर हिरवट गुलाबी. पानं जाड, देठाकडे निमुळती आणि टोकाकडे गोलसर, एखाद्या छोट्या चमच्यासारखी, आणि काडीच्या टोकाला चार-पाच पानांचा गुच्छ असतो. पान बोटात दाबलं तर पाणी सुटतं. कुठेही लव नाही, काटा नाही, वास नाही. फूल पिवळं, नखाएवढं, पाच पाकळ्यांचं बहुतेक, ते ऊन असलं तरच सकाळी उघडतं आणि दुपारपर्यंत मिटतं, त्यामुळे ऑफिसातून घरी येऊन शोधणाऱ्यांना ते कधीच दिसत नाही. फुलानंतर छोटी बोंडं येतात आणि त्याची गंमत अशी की ते बोंड पिकलं की वरचं झाकण टोपीसारखं निघून येतं, अगदी कुंकवाच्या डबीसारखं, आणि आत खसखशीहूनही बारीक काळ्या बिया. मी भिंग घेऊन बघितलंय आणि शेजारच्या लहान मुलांनाही दाखवलंय, त्यांना भाजीत काडीचा इंटरेस्ट नाही पण ती डबी उघडायला रोज येतात.

आता शेवटची आणि खरी परीक्षा. काडी मोडा. घोळीच्या काडीतून स्वच्छ पाणी येतं. पांढरा चीक आला तर ती घोळ नाही, तिथेच सोडा, हात धुवा.

चीक येणारी ती कोणती मग?

ती नायटी किंवा दुधी, युफोर्बिया जातीतली. फरसबंदीच्या फटीत, पार्किंगच्या कडेला, अगदी घोळीच्या मांडीला मांडी लावून उगवते आणि ती पण लालसर, ती पण चपटी पसरणारी, म्हणून गल्लत होते. पण तिच्या काड्या दोऱ्यासारख्या बारीक आणि पानं पातळ, कागदासारखी, बऱ्याचदा काडीवर बारीक लव असते. तिच्या चिकाने कातडीला आणि डोळ्यांना त्रास होतो आणि पोटात गेला तर उलट्या जुलाब. म्हणून मी काय करते, तोडताना एकेक काडी मोडूनच टोपलीत टाकते, मूठभर उपटून आणून घरी निवडू असं करत नाही, कारण घरी आणेपर्यंत सगळं एकमेकात गुंतलेलं असतं.

दुसरी गल्लत म्हणजे पांढरी घेटुळी, कोणी तिला विषखापरा पण म्हणतात. तिला चीक नसतो, त्यामुळे वरची परीक्षा इथे चालत नाही! हिच्यात पानांची जोडी बघायची, समोरासमोरच्या दोन पानांतलं एक मोठं आणि एक बरंच लहान असतं, पानं घोळीपेक्षा रुंद आणि पातळ, आणि फूल पांढरट गुलाबी, पानाच्या बेचक्यात अर्धं लपलेलं. काही भागांत लोक हिची कोवळी पानंही खातात पण मी खात नाही आणि तुम्हाला सांगणारही नाही. फूल पिवळं दिसेपर्यंत थांबलात तर या बाबतीत कसलीच शंका उरत नाही. पहिल्या वर्षी तरी थांबाच.

चिवळ आणि घोळ एकच का?

बहिणी-बहिणी. चिवळ किंवा चिघळ म्हणजे पोर्चुलाका क्वाड्रिफिडा, बारीक पानांची, फुलाला चार पाकळ्या, आणि सांध्यांवर पांढरी केसासारखी लव. विदर्भात उन्हाळ्यात चिवळीवर जीव टाकतात, डाळ घालून किंवा पीठ पेरून करतात. निवडायला घोळीच्या चौपट वेळ लागतो हे मात्र खरं. खायला दोन्ही चालतात.

आणि कुंडीतलं ऑफिस टाइमचं फूल? ते पण त्याच जातीचं आहे म्हणतात.

हो, पोर्चुलाकाच आहे, सुईसारख्या पानांचं ते पोर्चुलाका ग्रँडिफ्लोरा. आणि हल्ली लटकत्या कुंडीत रुंद पानांचं मिळतं ते तर घोळीसारखंच दिसतं. पण शोभेचं झाड नर्सरीत काय काय फवारून वाढवलेलं असतं ते आपल्याला माहिती नसतं, सो ते बघायला ठेवा.

एवढं चांगलं आहे तर याला तण का म्हणतात?

कारण ते तण आहे! कांदा लावणाऱ्याला विचारा. कांद्याची पात सरळ वर जाते, खाली सावली पडत नाही, दोन रोपांमधली जमीन उघडी, वरून पाणी आणि खत, घोळीला दुसरं काय पाहिजे. माझ्या माहेरी निंदणीला बाया यायच्या त्यांच्या खुरप्याखाली अर्धी तर घोळच निघायची. तिच्या एका मोठ्या झाडाला दोन लाखांहून जास्त बिया धरू शकतात आणि त्या मातीत वर्षानुवर्षं, चाळीस वर्षांपर्यंतही जिवंत राहिल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे तुमच्या सासऱ्यांनी न निंदलेली घोळ तुम्ही निंदताय असंही होऊ शकतं.

त्यात तिला मरायचं माहितीच नाही. उपटून बांधावर टाकली तर काडीतल्या पाण्यावर आठवडाभर जगते, जमिनीला टेकलेल्या सांध्यातून परत मुळं फोडते, आणि फूल आलेलं असेल तर उपटलेल्या अवस्थेत बिया पिकवून मोकळी होते. मी स्वतः हा पराक्रम केलाय. पहिल्या वर्षी गच्चीवरची सगळी घोळ, बोंडांसकट, कंपोस्टच्या ड्रममध्ये टाकली, आणि आपलं खत मस्त झालं म्हणून तेच खत दिवाळीनंतर चाळीसच्या चाळीस कुंड्यांना घातलं. फेब्रुवारीच्या शेवटी ऊन तापलं आणि कढीपत्त्यात घोळ, मोगऱ्यात घोळ, तुळशीत घोळ. तुळशीतली बघून सासूबाई हसल्या ते अजून हसताहेत.

त्यांनीच मला ही खायला शिकवली खरं तर. सटाण्याहून राहायला आल्या होत्या, मी सकाळी वाफा साफ करून ढीग बाजूला काढत होते, त्या चहाचा कप घेऊन वर आल्या आणि अहिराणीत म्हणाल्या, “हाई काय फेकी ऱ्हायनी वं?” मी म्हटलं कचरा. त्यांनी कप कठड्यावर ठेवला, खाली बसल्या, आणि पदर पसरून त्या ढिगातली कोवळी शेंडी न शेंडी त्यात गोळा केली. दुपारी ताटात होती. निंदायला येणाऱ्या बाया जाताना ओच्यात काय बांधून नेतात हे मी लहानपणापासून बघत होते, पण ते आपल्या घरात शिजतही असू शकतं हे डोक्यातच आलं नव्हतं.

कुठली घोळ तोडू नये?

इथे मी जरा कडक बोलणार. नाशिकला राहतो आपण, म्हणजे चहूकडे द्राक्षबागा. बागेत दोन ओळींमधे घोळ काय सुंदर वाढते, ड्रीपचं पाणी, भुसभुशीत माती, पानं तर अंगठ्याएवढी. तिला हात लावू नका. एप्रिलची खरड छाटणी झाली, ऑक्टोबरची छाटणी झाली की पुढे बुरशीनाशकं, कीटकनाशकं, बोर्डो, अशा एकामागून एक फवारण्या चालतात आणि ते सगळं वेलीवरून खालीच ठिबकतं. द्राक्षासाठी तोडणीआधी किती दिवस फवारायचं नाही याचा हिशोब असतो, खालच्या तणासाठी तो कोण ठेवणार. शिवाय ओळीत तणनाशक मारलेलं असेल तर पहिले दोन-तीन दिवस घोळ हिरवीगारच दिसते, जाड पानाची असल्याने लगेच मान टाकत नाही, बघून कळतच नाही. शेत ओळखीचं असेल तर मालकाला सरळ विचारायचं, दादा कधी मारलं होतं आणि काय मारलं होतं, बहुतेक लोक खरं सांगतात.

तसंच रस्त्याकडेची, गटाराकाठची, कारखान्यांच्या सांडपाण्याच्या नाल्यालगतची, जिथे कुत्री फिरवतात त्या जॉगिंग ट्रॅकच्या कडेची घोळ नको. हे झाड मातीतले जड धातू ओढून घेतं हे अभ्यासांत दिसलंय, त्यामुळे धुऊन काही होत नाही, जे आत गेलंय ते गेलं. आमच्या सोसायटीत एकदा न सांगता कंपाउंडच्या कडेने तणनाशक मारलं होतं, आणि मी आदल्या संध्याकाळीच तिथली घोळ हेरून ठेवली होती उद्या तोडू म्हणून. सकाळी वॉचमनकाकांनी हटकलं म्हणून वाचले. तेव्हापासून फक्त स्वतःच्या कुंडीतली, माहेरच्या परसातली, नाहीतर विश्वासातल्या बाईकडून घेतलेली.

सकाळी तोडायची की संध्याकाळी?

हा प्रश्न कोणी विचारत नाही, पण विचारायला पाहिजे, म्हणून मीच घातला.

आंबट आवडत असेल तर सकाळी, नको असेल तर दुपारनंतर. मला आधी वाटायचं हा मनाचा खेळ आहे पण त्यामागे पक्कं शास्त्र निघालं. बहुतेक झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात, पण त्यात पाणी उडून जातं. पाण्याची टंचाई झाली की घोळ निवडुंगासारखी वागायला लागते, छिद्रं रात्री उघडते, आत घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात साठवून ठेवते आणि दिवसा छिद्रं बंद ठेवून तो वापरते. मॅलिक आम्ल म्हणजे तेच जे कच्च्या सफरचंदात असतं. म्हणून रात्रभर साठलेलं आम्ल पहाटे सगळ्यात जास्त, दिवस वर येईल तसं कमी. आणि एरवी पाणी भरपूर असताना ती मका आणि उसासारखी, म्हणजे कडक उन्हात जोरात अन्न बनवणाऱ्या पद्धतीने चालते. या दोन्ही पद्धती एका झाडात असणंच दुर्मिळ, आणि घोळीत तर त्या एकाच पेशीत चालतात हे २०२२ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं. आपण जिला खुरप्याने ढकलून देतो ती असली काहीतरी चीज आहे.

तुम्हीही करून बघा, एका कुंडीला चार-पाच दिवस पाणी घालू नका आणि मग सकाळी सहाला एक पान आणि दुपारी चारला एक पान चावून बघा. रोज पाणी मिळणाऱ्या कुंडीत एवढा फरक कळत नाही.

साफ कशी करायची?

जमिनीलगत वाढते म्हणून माती भरपूर असते. आधी मुळं आणि जाड काड्या काढा, मग मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन बुडवा, हलवा, पाच मिनिटं तशीच ठेवा, माती खाली बसली की भाजी वरून उचलून घ्या. पाणी ओतून चाळणीत धरू नका, माती परत भाजीत येते! असं तीनदा, पावसाळ्यात चारदा. कोवळ्या काड्या टाकायच्या नाहीत, त्या छान कुरकुरीत लागतात. फूल आलेली पण चालते, बोंडं धरली असतील तर बियांनी दाताखाली वाळू आल्यासारखं वाटतं, तेवढे शेंडे खुडून टाका.

भाजी कशी करायची?

सासूबाईंची पद्धत देते, कारण माझ्याकडे तीच होते.

टोपलीभर घोळ घ्या, शिजल्यावर ती वाटीभर होणार आहे, घाबरू नका. अर्धी वाटी मूगडाळ तासभर भिजवलेली. लोखंडी कढईत शेंगदाण्याचं तेल, जिरं, सात-आठ लसणाच्या पाकळ्या ठेचून, हिरव्या मिरच्या दोन-तीन, लसूण लाल झाला की डाळ घालून परतायची, पाण्याचा हबका मारून झाकण ठेवायचं. डाळ बोटचेपी झाली की चिरलेली घोळ. इथून पुढे झाकण नाही. तिचं स्वतःचं पाणी सुटतं ते मोठ्या आचेवर आटू द्यायचं, पाच-सात मिनिटं खूप झाली. मीठ सगळ्यात शेवटी आणि नेहमीच्या अर्धंच, चाखून मग वाढवायचं, कारण भाजी मुळातच खारट-आंबट आहे आणि ढिगाकडे बघून मीठ घातलं की हमखास फसतं. माझी पहिली भाजी त्यामुळेच ताटातून परत आली. बाजरीची भाकरी आणि कच्चा कांदा.

पातळ हवी असेल तर आंबट ताकात दोन चमचे बेसन कालवून ते घोळीत घाला, सतत ढवळा, एक उकळी आली की बस, वरून लसूण आणि लाल मिरचीची फोडणी. ताकातली ही भाजी मला जास्त आवडते आणि ती करण्याला अजून एक कारण आहे, ते खाली सांगते.

घोळाणा पण होतो, खानदेशाकडच्या लोकांना सांगायला नको. बारीक चिरलेली कच्ची घोळ, कांदा, शेंगदाण्याचा कूट, तिखट, मीठ, वरून कच्चं तेल, हाताने कालवायचं. मेथीचा आणि कांद्याच्या पातीचाही करतात तसाच. थालीपिठाच्या पिठात, वरणात, बटाट्यात, कशातही ढकला. पराठ्यात मात्र मला जमली नाही, पाणी सुटतं आणि लाटताना फाटतो.

माझी बुळबुळीत झाली. काय चुकलं?

झाकण ठेवलं असणार, किंवा मंद गॅसवर शिजवली असणार. भेंडीसारखा चिकटपणा तिच्यात असतोच. मोठी आच, उघडी कढई, आणि थोडं बेसन पेरलं तर तो जातो. ताकाने पण जातो.

कच्ची खाल्ली तर चालते का?

चालते, नीट धुतलेली आणि खात्रीच्या जागेची असेल तर. आखाती देशांत आणि तुर्कस्तानात काकडी-टोमॅटोबरोबर, दह्यात घालून सर्रास खातात, तिकडे ही बाजारात मानाने विकली जाते.

ओमेगा-३ असतं म्हणे माशासारखं? खरं का?

अर्धं खरं. पालेभाज्यांमध्ये घोळीत अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे झाडांतलं ओमेगा-३, भरपूर असतं, १०० ग्रॅम ताज्या पानांत साधारण ३०० ते ४०० मिलीग्रॅम, आणि पालेभाजीसाठी हे खरंच जास्त आहे. पण माशातलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं, आणि आपलं शरीर यातल्या फार थोड्या भागाचं त्यात रूपांतर करू शकतं. आणि खरं सांगू का, एक चमचा जवसात घोळीच्या वाटीभर भाजीपेक्षा जास्त मिळतं, आणि जवसाची चटणी आपल्याकडे बारा महिने असते. त्यामुळे फॉरवर्डमध्ये ‘मासे सोडा घोळ खा’ वगैरे येतं ते हसून सोडून द्या. बाकी तिच्यात ९३ टक्के पाणीच आहे, १०० ग्रॅमला जेमतेम २० कॅलरी, पोटॅशियम ५०० मिलीग्रॅमच्या आसपास, मॅग्नेशियम चांगलं, व्हिटॅमिन सी पण २० मिलीग्रॅमच्या घरात. चांगली भाजी आहे. औषध म्हणून खाऊ नका, भाजी म्हणून खा.

कोणी खाऊ नये?

मुतखडा झालेला असेल किंवा घरात तशी हिस्टरी असेल त्यांनी जपून, आणि किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. कारण ऑक्झलेट, म्हणजे मुतखडा बनवणारा घटक. पालकात असतं तसंच घोळीत पण भरपूर असतं, आणि पोटॅशियमही आहे जे किडनीच्या पेशंटला त्रासाचं. ऑक्झलेट कमी करायचं असेल तर भाजी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यायचं, विरघळणारं बरंचसं त्याबरोबर जातं. दुसरं म्हणजे दही किंवा ताक, त्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटला पोटातच धरून ठेवतं आणि ते रक्तात कमी जातं. न्यूझीलंडमध्ये घोळीवरच प्रयोग करून दह्याने फरक पडतो हे बघितलेलं आहे. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, आम्ही काय उगाच ताक ओतत होतो का.

धडधाकट माणसाने आठवड्यातून एक-दोनदा भाजी खाल्ली तर काही होत नाही. रोज सकाळी वाटीभर ज्यूस वगैरे प्रकार करू नका, कोणी कितीही सांगितलं तरी.

शेळ्या-कोंबड्यांना घालू का?

कोंबड्यांना खुशाल. ग्रीसमध्ये मोकळ्या फिरून घोळ खाणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांत ओमेगा-३ जास्त सापडलं होतं, १९८९ मध्ये त्यावर लिहून आलं. शेळ्या-मेंढ्यांना चाऱ्यात थोडी मिसळून चालेल, पण उपाशी जनावर नुसत्या घोळीवर सोडायचं नाही, परत तेच ऑक्झलेट.

मुद्दाम लावता येते का?

लोक हसतील, पण येते. बोटभर लांब काडी मोडा, अर्धा दिवस सावलीत ठेवा, मातीत खोचा, बस. बी टाकणार असाल तर वरून माती झाकू नका, तिला उगवायला उजेड लागतो, नुसती शिंपडून हाताने दाबा. ऊन जास्तीत जास्त, पाणी बेताचं. थंडीत रुसते, नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत काही होत नाही, मार्चनंतर मात्र विचारू नका. शेंडे खुडत राहिलात तर फूल लांबतं आणि पानं मोठी येतात.

नाशकात विकत कुठे मिळते?

बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात बघा, सकाळी लवकर. मोठ्या गाळ्यांवर नाही, कडेला गोणपाट टाकून पाच-सहा जुड्या घेऊन बसलेल्या आज्यांकडे. पावसाळ्यात पेठ, हरसूल, सुरगाण्याकडच्या बाया रानभाज्या घेऊन येतात, करटोली, कुरडू, टाकळा, भारंगी, त्यांच्याकडे विचारलं तर कधी असते कधी नसते. ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरतात तिथेही बघायला मिळते. भाव करू नका प्लीज, दहा-वीस रुपयांची जुडी निवडायला तिचा किती वेळ गेलाय ते एकदा घरी निवडून बघा.

नकोच आहे. कायमची घालवायची कशी?

कायमची जाणार नाही. फूल यायच्या आत उपटा, एवढं एक पाळलं तरी अर्धी लढाई जिंकली. उपटलेली कुंडीच्या कडेला ठेवायची नाही, पत्र्यावर किंवा गच्चीच्या फरशीवर उन्हात पूर्ण वाळेपर्यंत, आणि हे दोन-चार दिवसांचं काम नाही. बोंडं असतील तर कंपोस्टला नाही, वरची माझी गोष्ट आठवा. मोकळ्या मातीवर दोन-तीन इंच उसाचं पाचट किंवा वाळकं गवत पसरा, बियांना उजेड मिळत नाही, उगवण एकदम कमी होते. खुरपून तुकडे करत बसलात तर एकाची दहा होतात.

फोटो पाठवला तर ओळखून द्याल का?

देते, पण वरून काढलेल्या एका फोटोवर नाही. तीन पाठवा: काडी मोडून लगेच मोडलेल्या टोकाचा, समोरासमोरच्या दोन पानांचा जवळून, आणि सकाळी नऊ-दहाला उघडलेल्या फुलाचा. तिसरा नसेल तर मी ‘थांबा’ एवढंच लिहून पाठवणार आहे, राग मानू नका.